किसीकू तकलीफ नहीं देता

माझा धाकटा भाऊ 38 वर्षांचा आहे. घरात आणि मोहल्ल्यात सगळे त्याला मुन्ना म्हणतात. आधार कार्डावरचे त्याचे खरे नाव शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही. जन्मताना तो उशिरा रडला. बोलायला उशिरा शिकला, आकडे दहाच्या पुढे कधी गेले नाहीत. प्रमाणपत्रावर पूर्वी 'मतिमंद' लिहिलेले असायचे, आता 'बौद्धिक दिव्यांग' लिहितात.

दीड वर्षापूर्वी एका लग्नाला जाताना हॉलचा जिना चढता चढता तो चौथ्या पायरीवर बसला आणि उठेना. घामाने सदरा भिजलेला. आम्ही तिघांनी धरून त्याला खाली आणले आणि तसेच दवाखान्यात नेले. उंची पाच फूट एक इंच, वजन 94 किलो. रक्तातली साखर वाढलेली. डॉक्टरांनी अम्मीला विचारले, "दिवसभर काय करतो हा?"

अम्मी कौतुकाने म्हणाली, "कुछ नहीं करता, डॉक्टरसाब. बिचारा एक जगा बैठता. किसीकू तकलीफ नहीं देता."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे बसूनच असतो." आणि तसे कागदावर लिहिले.

मी शिक्षक आहे. उर्दू आणि मराठी शिकवतो. एखादा मुलगा वर्गात वर्षभर एका जागी गप्प बसला तर त्याच्या घरी निरोप धाडायचा, हे मला बी.एड.ला शिकवले होते आणि इतकी वर्षे मी ते करत आलो. पण माझा सख्खा भाऊ वीस वर्षे एका पलंगावर बसून होता आणि मला ते कधी खटकले नाही. उलट पाहुण्यांसमोर मीही तेच वाक्य म्हणत होतो, कुणाला त्रास देत नाही. या वाक्यात काय दडलेले आहे, ते त्या दिवशी कळले. ते लिहावे, म्हणून हा लेख.

मुन्ना नेहमी असा नव्हता. विशेष मुलांच्या शाळेत होता तेव्हा रोज सकाळी कवायत व्हायची, आठवड्यातून दोनदा खेळाचा तास असायचा. दिव्यांग मुलांच्या जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेत तो 50 मीटर धावला होता. त्याचे प्रमाणपत्र अम्मीने कुराण ठेवायच्या कपाटात, खालच्या कप्प्यात जपून ठेवले आहे. 18 वर्षे पूर्ण झाली आणि शाळा संपली. शाळेची गाडी यायची बंद झाली, त्या दिवसापासून त्याचे बाहेर जाणेही बंद झाले.

हे फक्त आमच्या घरचे नाही. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. त्यानंतर कार्यशाळा आहेत, काही चांगल्या निवासी संस्था आहेत, पण त्या मोजक्या आणि बहुतेक मोठ्या शहरांच्या आसपास. आमच्या सोलापूरच्या विजापूर वेशीपासून रोज तिथे कोण नेणार? 2011 च्या जनगणनेत देशभरात बौद्धिक दिव्यांग म्हणून नोंदलेल्यांची संख्या 15 लाखांहून जास्त होती. त्यात लहान मुले आहेत तशी मोठी माणसेही आहेत. मुलांसाठी निदान शाळा नावाची जागा आहे. मोठ्यांसाठी बहुतेक वेळा फक्त पलंग आहे.

डॉक्टरांकडून आल्यावर मी यावर वाचायला लागलो. 2016 साली वेगवेगळ्या ठिकाणच्या 15 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की बौद्धिक दिव्यांग प्रौढांपैकी साधारण 9 टक्केच लोक आरोग्यासाठी लागते तेवढी हालचाल करतात. हे अभ्यास मुख्यतः श्रीमंत देशांतले. तिथे फुटपाथ आहेत, बागा आहेत, पगारी सोबती आहेत. तिथे दहातला एक, मग आपल्या गल्लीत काय असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये शारीरिक हालचालींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात पहिल्यांदाच दिव्यांगांसाठी वेगळा भाग आला. तो वाचून मला आश्चर्य वाटले. कारण त्यात दिव्यांग प्रौढांसाठी वेगळे, कमी माप नाही. इतरांना जे सांगितले तेच त्यांना: आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम हालचाल, म्हणजे भरभर चालण्यासारखी, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना जोर लावणारे काम. एवढे जमत नसेल तर जमेल तेवढे करा, काहीच न करण्यापेक्षा थोडेही चांगले, असेही त्यात आहे. हृदय सगळ्यांचे सारखेच चालते. बुद्ध्यांक कमी असलेल्या माणसाचे शरीर व्यायामाशिवाय चालेल, अशी सवलत निसर्गाने कुणाला दिलेली नाही.

खरे तर या लोकांना हालचालीची गरज जास्तच आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्यांमध्ये थायरॉइडचा त्रास बराच आढळतो, स्नायू मुळात सैल असतात, वजन लवकर वाढते. मन शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी भूक आणि वजन दोन्ही वाढतात. त्यात बसून राहिल्याने बद्धकोष्ठ, झोप बिघडणे, चिडचिड. आणि हा माणूस 'छातीत दुखतंय' किंवा 'पायाला मुंग्या येतात' असे नीट सांगू शकत नाही. आपल्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. मुन्नाला साखर किती महिन्यांपासून होती, कुणालाच माहीत नाही. रात्री तो सारखा पाणी मागायचा. आम्ही म्हणायचो, उन्हाळा आहे.

आता मुद्द्याचे बोलतो. हे लोक बसून का राहतात? आळशी असतात म्हणून? मी महिनाभर डोळे उघडे ठेवून आमच्याच घराकडे पाहिले, आणि मला वेगळेच दिसले. मुन्नाच्या हालचालीचा मालक मुन्ना नाही. त्याला बाहेर जायचे असेल तर कुणीतरी दार उघडायला हवे, कुणीतरी चप्पल शोधून द्यायला हवी, कुणीतरी रस्ता ओलांडून द्यायला हवा. तो 'कुणीतरी' आम्ही होतो आणि आम्हाला वेळ नव्हता. म्हणून तो बसला. पुढे तो बसतो याचीच आम्हाला सवय झाली, आणि मग आम्ही त्याला गुण म्हणू लागलो.

दुसरे कारण भीती. रिक्षा, मोटारसायकली, गल्लीतली पोरे. पोरे चिडवतात हे खरे आहे. एकदा कुणीतरी त्याची टोपी काढून पळाले होते, तेव्हापासून अब्बांनी त्याला उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नाही. अब्बा आता नाहीत. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण टोपी पळवणारी पोरे मोकळी फिरली आणि टोपी गेलेला घरात बंद झाला, हा न्याय उलटा झाला.

तिसरे कारण खाणे. आपल्या घरांत प्रेम ताटातून व्यक्त होते. मुन्नाला गाडी चालवायची नाही, दुकानात बसायचे नाही, त्याचा निकाह व्हायचा नाही. मग त्याला सुख काय द्यायचे? खायला द्यायचे. चहाबरोबर खारी, येणाऱ्या पाहुण्याकडून बिस्किटाचा पुडा, लग्नात दोनदा बिर्याणी, ईदला वाटीभर नव्हे तर तांब्याभर शीरखुर्मा. 'खाने दे, उसकू और क्या है दुनिया में?' हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकले आहे. ते ममतेने म्हटलेले असते. पण नीट ऐका, त्यात आपण त्या माणसाच्या आयुष्यातून बाकी सगळे वजा करून टाकलेले असते.

आणि चौथे कारण, ज्याबद्दल आपल्या लोकांशी मला जरा स्पष्ट बोलायचे आहे. ते म्हणजे आपण धर्माचा लावलेला अर्थ. 'ये तो मासूम है, जन्नती है, इस पर कुछ फर्ज नहीं.' तीन जणांवरून कलम उचलले गेले आहे, ही हदीस आपल्याला ठाऊक असते: झोपलेला जागा होईपर्यंत, लहान मूल वयात येईपर्यंत, आणि ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही तो ती येईपर्यंत. हा अल्लाहचा मोठा करम आहे. पण माफी आणि मनाई यांत फरक आहे. नमाज फर्ज नाही याचा अर्थ नमाजेला यायचे नाही असा होत नाही. लहान मुलावरही फर्ज नसते, तरी आपण त्याचे बोट धरून ईदगाहला नेतोच ना?

सूरह निसामध्ये एक आयत आहे. जे स्वतःची मालमत्ता सांभाळू शकत नाहीत त्यांच्या हाती ती सोपवू नका, पण त्यांना खायला-ल्यायला द्या आणि त्यांच्याशी भलेपणाने बोला, असा तिचा आशय. पालकत्वाच्या चर्चेत फिकहमध्ये या आयतीचा आधार घेतला जातो. आपण त्यातले खाणे आणि कपडे घेतले. भलेपणाने बोलणे म्हणजे त्याला माणूस म्हणून विचारात घेणे, त्याला काय हवे ते विचारणे. ते मागे राहिले.

सहीह मुस्लिममधली एक हदीस मला या दिवसांत फार आठवत राहिली. हजरत अनस सांगतात की मदिनेत एक स्त्री होती, जिच्या बुद्धीत काही कमी होती. तिने पैगंबरसाहेबांना (स.) सांगितले की मला तुमच्याशी काम आहे. त्यांनी तिला सांगितले, तुला हवी ती गल्ली बघ, मी तुझे काम करून देतो. आणि ते तिच्याबरोबर रस्त्यावर गेले, तिचे काम होईपर्यंत तिथे थांबले. ही हदीस नम्रतेचे उदाहरण म्हणून आपल्याला सांगितली जाते. ती तशी आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती स्त्री घरात बंद नव्हती. मदिनेच्या गल्ल्यांत ती फिरत होती, कुठली गल्ली हे तिने ठरवायचे होते, आणि तिच्यासोबत चालणाऱ्याने घाई केली नाही. आपल्या मोहल्ल्यात अशी स्त्री आज रस्त्यावर दिसते का?

डॉक्टरांनी मुन्नाच्या कागदावर औषधांखाली लिहिले होते: 'रोज अर्धा तास चालणे.' पहिल्या दिवशी मी त्याला पहाटे किल्ल्याच्या बागेत नेले. तो पन्नास पावले चालला आणि बाकावर बसला. दुसऱ्या दिवशी त्याने चप्पल घालायलाच नकार दिला. मी आवाज चढवला. तो रडला. अम्मी माझ्यावर चिडली, "नक्को जी, उसकू उसके हाल पे छोड."

इथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. मुन्ना 38 वर्षांचा आहे. कायद्यानेही तो 18 नंतर मूल राहिलेला नाही. त्याला चालायला आवडत नसेल तर जबरदस्ती करणारा मी कोण? माझ्याच वयाचे कितीतरी शिक्षक स्टाफरूममध्ये बसून भजी खातात, त्यांना कुणी ओढून बागेत नेत नाही. बसण्याचा हक्क फक्त शहाण्यांना आहे का?

मी यावर पुष्कळ विचार केला. माझे उत्तर असे की निवड करायला निदान दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. मुन्नासमोर वीस वर्षे एकच गोष्ट होती. ज्याने दुसरे काही पाहिलेच नाही, त्याचा नकार हा नकार नसतो, ती सवय असते. म्हणून ओढून न्यायचे नाही, हे अम्मीचे बरोबर होते. पण त्याला त्याच्या हालावर सोडायचे, हे बरोबर नव्हते. मधला रस्ता असा की त्याला जावेसे वाटेल असे काहीतरी बाहेर असले पाहिजे. बागेत त्याचे काय होते? काहीच नव्हते. अनोळखी लोक गोल गोल चालत होते.

मग एका संध्याकाळी मी इशाला निघालो तेव्हा तो दारात आला आणि माझी टोपी मागू लागला. मी त्याला घेऊन गेलो. आमच्या घरापासून मशीद माझ्या चालीने चार मिनिटांवर आहे. त्या दिवशी आम्हाला सतरा मिनिटे लागली.

मशिदीत पहिल्या दिवशी काय झाले तेही सांगतो. मुन्ना नमाजेत 'आमीन' जरा मोठ्याने आणि जरा उशिरा म्हणाला. सलाम फिरवल्यावर एका बुजुर्गांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "मास्टर, इनकू घरपेच पढाओ, लोगां का ध्यान हटता." मला राग आला, पण त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मी इमामसाहेबांशी बोललो. ते म्हणाले, येऊ द्या, तुमच्या शेजारी कडेला उभे करा, लोकांना सवय होईल. लोकांना तीन आठवड्यांत सवय झाली. आता त्याची आमीन उशिरा आली की मागच्या सफेतली मुले हसत नाहीत. ज्या पोरांची मला भीती होती, त्यांच्यातलाच एक त्याला वुजूच्या नळावर जागा करून देतो.

व्यायामाच्या हिशोबाने पाहिले तर पाच वेळच्या फर्ज नमाजांच्या 17 रकाती होतात, म्हणजे 34 सजदे. जमिनीवर बसणे आणि जमिनीवरून उठणे हे पायांना जोर देणारे चांगलेच काम आहे. मी नमाजेला कसरत म्हणत नाही, ती इबादतच आहे. पण ज्या शरीराने इबादत करायची, त्याचाही आपल्यावर हक्क आहे, हेही आपल्याला सांगितलेले आहे. सुरुवातीला मुन्ना खुर्चीवर बसायचा. तो कधी फक्त इशाला येतो, कधी मगरिब आणि इशा दोन्हींना. पाच वेळा तो कधीच आलेला नाही, मीही म्हणत नाही.

चौदा महिने झाले. चमत्कार झालेला नाही, हे स्पष्ट लिहितो, कारण अशा लेखांच्या शेवटी चमत्कार असतो आणि मग वाचणारा घरी करून बघतो आणि निराश होतो. वजन 94 वरून 87 वर आले आणि तिथेच अडकले आहे. साखरेची गोळी चालूच आहे. पावसाळ्यात दीड महिना त्याने बाहेर पाऊल टाकले नाही. पण चार मिनिटांच्या रस्त्याला आता सात मिनिटे लागतात. जिना तो कठडा धरून चढतो. रात्री झोपतो. आणि रस्त्यात पानवाला, दूधवाला, शिंपी असे सहा-सात जण त्याला नावाने सलाम करतात. आधार कार्डावरच्या नावाने. ते मी त्यांना सांगितले.

ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांच्यासाठी, आमच्या चुकांमधून शिकलेले थोडे लिहितो.

आधी डॉक्टरांना दाखवा. साखर, थायरॉइड, रक्तदाब तपासून घ्या. डाऊन सिंड्रोम असेल तर हृदय आणि मान यांची तपासणी विसरू नका. त्यांच्यातल्या काहींच्या मानेचे मणके सैल असतात, त्यांना कोलांटउडीसारखे मानेवर भार येणारे प्रकार चालत नाहीत. फिट येत असेल तर पाण्याजवळ आणि उंचावर एकट्याला सोडू नका. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना बौद्धिक दिव्यांगांसाठी आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. ती घेतली नसेल तर चौकशी करा.

चप्पल नको, पायात नीट बसणारे बूट घ्या. मुन्नाच्या नकाराचे अर्धे कारण चप्पल होती, ते आम्हाला महिन्याने कळले. अंगठ्याला घासत होती.

वेळ आणि रस्ता रोज एकच ठेवा. या लोकांना ओळखीच्या गोष्टीने धीर येतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात फजरनंतर किंवा इशाच्या वेळेलाच निघा. सांगू नका, करून दाखवा. 'चल, फिरून ये' म्हटले तर तो जाणार नाही. तुम्ही चप्पल घातली की तो घालेल. अर्धा तास एकदम जमत नसेल तर दहा दहा मिनिटे तीनदा. घरातली कामे द्या. पाण्याची कळशी उचलणे, दळण आणणे, पीठ मळणे, दस्तरखान अंथरणे आणि उचलणे. मुन्ना आता घरातल्या बादल्या भरतो. अर्धे पाणी सांडते. सांडू द्या. आणि चालल्याचे बक्षीस म्हणून जिलेबी देऊ नका. ती चूक आम्ही दोन महिने केली.

आता बहिणींबद्दल. मी मुन्नाची गोष्ट सांगू शकलो कारण मुन्ना पुरुष आहे आणि मशिदीचा रस्ता त्याला मोकळा आहे. माझ्या एका विद्यार्थिनीची मोठी बहीण 27 वर्षांची आहे, बौद्धिक दिव्यांग. तिची आई म्हणाली, "सर, हिला मी कुठे नेऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलीच्या सुरक्षेची भीती खोटी नाही, आणि जिला सांगता येत नाही तिच्याबाबत तर ती दुप्पट खरी आहे. पण म्हणून तिचे जग दीड खोलीचे करून टाकणे हा उपाय होऊ शकत नाही. सध्या ती आई तिला संध्याकाळी गच्चीवर नेते, दोघी दोरीवरचे कपडे काढतात, पंधरा-वीस फेऱ्या मारतात. हे काहीच नसल्यापेक्षा बरे. पण त्या आईचे वय 60 आहे. तिच्यानंतर गच्चीचे दार कोण उघडेल?

म्हणून ही गोष्ट एकेका घरावर सोडता येणार नाही. 2016 च्या कायद्याच्या 30 व्या कलमात दिव्यांगांना खेळांत भाग घेता यावा याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. ती सरकारने पार पाडावी, त्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्यात. पण आपल्या हाती काय आहे तेही पाहू. आपल्या उर्दू शाळांना मैदाने आहेत, ती रविवारी रिकामी असतात. दोन तास, तेही एक पुरुषांसाठी आणि एक स्त्रियांसाठी, त्या मैदानावर एक दोरी, दोन चेंडू आणि दहावी-अकरावीची काही मुले-मुली सोबतीला, एवढ्याला किती खर्च येतो? आमच्या मोहल्ल्यात क्रिकेटच्या रात्रीच्या सामन्यांसाठी दरवर्षी वर्गणी निघते, फ्लडलाइट लागतात. त्यातला एक दिवस या लोकांचा का असू नये?

1968 च्या जुलैमध्ये शिकागोला पहिल्या स्पेशल ऑलिम्पिक्स झाल्या, त्यामागे युनिस केनेडी श्रायव्हर नावाची एक बाई होती. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची ही बहीण. यांच्या थोरल्या बहिणीला बौद्धिक अपंगत्व होते आणि श्रीमंत, नामवंत घराण्याने तिला जगाच्या नजरेआड ठेवले होते. म्हणजे लपवणे ही फक्त गरिबांची किंवा आपल्या लोकांची खोड नाही. 2023 मध्ये बर्लिनला झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये भारताच्या खेळाडूंनी 202 पदके आणली. आपल्यापैकी किती जणांना ते कळले? या चळवळीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट पदके नाहीत. त्यांच्या काही खेळांत एकाच संघात दिव्यांग आणि बिगर-दिव्यांग खेळाडू बरोबरीने खेळतात. आपल्या रविवारच्या मैदानावर एवढे झाले तरी मला पुरे आहे. 50 मीटर धावण्याचे दुसरे प्रमाणपत्र मुन्नाला नाही मिळाले तरी चालेल.

काही वाचक म्हणतील, एवढ्या अडचणी असलेल्या समाजात हा विषय कशाला? शिक्षण आहे, बेरोजगारी आहे, दंगली आहेत. मान्य. पण ज्या घरात असे माणूस असते, त्या घरातली एक बाई जन्मभर त्याच्या पलंगाशी बांधलेली असते. तो उठला, चालला, स्वतः बाथरूमपर्यंत गेला, तर तीही थोडी सुटते. अम्मी आता 71 वर्षांची आहे. 94 किलोच्या माणसाला उठवताना तिच्या कमरेत भरलेली कळ मी पाहिलेली आहे. मुन्नाचा व्यायाम हा अम्मीच्याही कमरेचा प्रश्न आहे. आणि अम्मीनंतर तो माझ्या बायकोच्या आणि माझ्या कमरेचा असेल.

गेल्या आठवड्यात मामू घरी आले होते. त्यांनी अम्मीला विचारले, "मुन्ना कैसा है?" अम्मी कुरकुरत म्हणाली, "क्या बोलूँ भाई, अब घरमें बैठताच नहीं. अजान हुई की दरवाजे पे खडा रहता. मास्टर लेट आया तो चिल्लाता."

म्हणजे मुन्ना आता त्रास देतो. त्याला काही हवे आहे, आणि ते तो मागतो.

तुमच्या गल्लीतही एक घर असेल. तुम्हाला माहीत आहे कोणते. आज संध्याकाळी मशिदीला किंवा बाजाराला निघालात, तर त्या दारावर थाप मारा आणि विचारा, त्याला सोबत नेऊ का म्हणून. पहिल्या दिवशी ते नको म्हणतील. दुसऱ्या दिवशी परत विचारा.